पुढची सीट, मागची सीट : माळशेजला नेलेली एन लाइन

शुक्रवार : नेरूळ ते वाघबीळ

गाडी मावसभावाची. ह्युंदाई आय-ट्वेंटी एन लाइन, सहा गिअरची मॅन्युअल. तो ऑफिसच्या कामाला बंगळूरला निघाला होता. "दादा, वर्षभर नुसते व्हिडिओ बघतोयस. आता घाटात घालून बघ आणि घ्यायची की नाही ते एकदाचं ठरव," असं म्हणून त्याने चावी हातावर ठेवली. सोमवारी संध्याकाळपर्यंत गाडी आमची.

नेरूळच्या बिल्डिंगखाली तिच्याभोवती एक चक्कर मारली. खाली लाल पट्टी, पुढच्या चाकांत लाल ब्रेक कॅलिपर, मागे सायलेन्सरची दोन तोंडं. आत सगळं काळं आणि त्यावर लाल दोऱ्याची शिवण, गिअरच्या मुठीवर 'एन'. हा एन म्हणजे कोरियातलं कंपनीचं संशोधन केंद्र नामयांग आणि जर्मनीतला न्यूरबर्गरिंगचा ट्रॅक. नावात एवढं सगळं असलं तरी ही पूर्ण 'एन' नव्हे. युरोपात जी खरी आय-ट्वेंटी एन विकली गेली तिला १.६ लिटरचं टर्बो इंजिन (जास्त हवा ढकलून जोर वाढवणारं) आणि २०४ पीएस ताकद होती. आपल्याकडच्या एन लाइनला ९९८ सीसीचं तीन सिलिंडरचं टर्बो, १२० पीएस. म्हणजे निम्म्याहून थोडी जास्त.

यामागे आपल्या कराचं गणित आहे. २००६च्या अर्थसंकल्पापासून चार मीटरच्या आतल्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीला कमी कर लागतो. जीएसटी आला तरी ही रेषा तशीच राहिली. सप्टेंबर २०२५मध्ये दर बदलले तेव्हा रेषेच्या आतल्या गाड्या १८ टक्क्यांवर आल्या आणि बाहेरच्या ४० टक्क्यांवर. त्यामुळे ही गाडी ३९९५ मिलिमीटर लांब आहे, चार हजारला पाच कमी. २०२४च्या जूनमध्ये आलेल्या टाटाच्या अल्ट्रोझ रेसरलाही १.२ लिटरचं टर्बो आणि तेच १२० पीएस. आपल्याकडची सामान्य माणसाच्या आवाक्यातली स्पोर्टी हॅचबॅक कशी असावी हे इंजिनिअरच्या आधी अर्थखातं ठरवतं. रेषा ओलांडायची तयारी असेल तर फोक्सवॅगनची गोल्फ जीटीआय आहे, २६५ पीएसची. पण २०२५मध्ये ती आली ती ५३ लाखांना, आणि तेवढ्यात वाघबीळला नाही तरी बदलापूरला फ्लॅट येतो.

पाम बीचला लागलो. संध्याकाळचा खारा वारा, डावीकडे खाडी. रस्ता गुळगुळीत असला तरी वेगाला मर्यादा आहे, कॅमेरेही आहेत, त्यामुळे मर्दुमकी गाजवायचा प्रश्नच नव्हता. तिथे जे कळलं ते वेगाबद्दल नव्हतंच. सिग्नल सुटल्यावर दुसऱ्यात घेतलं, काटा दोन हजारच्या पुढे गेला आणि गाडीने पाठीला हलकेच ढकललं. सायलेन्सरमधून एक जाडसर घरघर आली, जी साध्या आय-ट्वेंटीत येत नाही. साठला पोचलो आणि पाय काढला. एवढंच. पण हे एवढंच दर सिग्नलला नव्याने मिळतं, आणि त्यासाठी चलान लागत नाही.

पुढे ठाणे-बेलापूर रोड. रबाळ्यापासून दिघ्यापर्यंत कंपन्या सुटायची वेळ, बसेस आणि ट्रेलर. इथे तीन सिलिंडरचा स्वभाव दिसला. उभ्या गाडीत, क्लच सोडताना, स्टिअरिंगला बारीक थरथर जाणवते. काटा दीड हजारच्या खाली असेल तर इंजिन झोपेत असल्यासारखं वागतं, टर्बो जागा होईपर्यंत क्षणभर थांबावं लागतं. बंपर टू बंपर गर्दीत हा क्षण सारखा सारखा येतो. विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली रस्ता जो काही आहे त्यावरून जाताना खालून जे धक्के आले त्यांची नोंद मी मनात केली, पण त्यावर फार विचार केला नाही. मी पुढे बसलो होतो आणि सीट चांगली होती.

शनिवार : वाघबीळ, कल्याण, मुरबाड, माळशेज

सकाळी सहाला निघायचं ठरलं होतं, निघालो साडेसातला. आईचा डबा, बाबांची औषधं, बायकोचं "गॅस बंद केला का" हे सगळं झाल्यावर. डिकी ३११ लिटरची आहे. दोन बॅगा, एक पिशवी, पाण्याचा कॅन आणि आईची ती न टळणारी चटई, एवढं आरामात बसलं. आमच्या घरच्या पद्धतीप्रमाणे बाबा पुढे, आई आणि बायको मागे.

माजिवड्याहून नाशिक हायवे. वडप्यापर्यंतचं रुंदीकरण अजून चालूच, त्यामुळे कधी जुना रस्ता, कधी नवा, कधी दोन्हींच्या मधलं काहीतरी. माणकोली, रांजनोली नाका, कोनगाव, मग दुर्गाडीचा पूल उतरून कल्याण. शहाडचा उड्डाणपूल पार केला की एकदाचं ठाणं-कल्याण मागे पडतं. रायत्याला उल्हास नदी लागली, पावसाळा सरून दोन्ही काठ अजून हिरवेगार. गोवेलीनंतर रस्ता जरा मोकळा झाला.

इथे ओव्हरटेकिंगबद्दल लिहायलाच हवं. मुरबाड रोड बहुतेक ठिकाणी दोन पदरी. पुढे एसटी, समोरून डंपर, मध्ये रिकामा तुकडा जेमतेम. साध्या १.२ पेट्रोल आय-ट्वेंटीत ११५ न्यूटन मीटर टॉर्क (चाकं फिरवायचा जोर) आहे आणि तोही ४२०० आरपीएमला मिळतो. म्हणजे ओव्हरटेक करायचं तर दोन गिअर खाली, इंजिन ओरडतंय, आणि तुम्ही मनात देवाचं नाव घेताय. एन लाइनमध्ये १७२ न्यूटन मीटर, आणि तो १५०० पासून ४००० पर्यंत सपाट मिळतो. चौथ्यातून तिसरा टाकला की एसटी मागे. समोरच्या लेनमध्ये आपण किती सेकंद राहतो त्यावर आयुष्याचा हिशोब असतो. तिथे दोन सेकंद वाचत असतील तर त्याला मी हौस म्हणणार नाही. माझ्या मते या इंजिनाचा सगळ्यात मोठा गुण हाच आहे, आणि जाहिरातीत तो कुठे दिसत नाही.

सरळगावला चहा घेतला. बाबा खूश होते. बाबांनी उमेदीच्या काळात प्रीमियर पद्मिनी चालवली आहे, कसाऱ्याच्या घाटात बॉनेट उघडून उभे राहिलेल्या पिढीतले. "हिला तापायचं माहीत नाही वाटतं," म्हणाले.

मागून मात्र आवाज येत नव्हता. आई गप्प म्हणजे काहीतरी आहे. विचारलं तर म्हणाली, "काही नाही, तू नीट चालव." बायकोने आरशातून माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेचा अर्थ मला कळला, पण टोकावडे मागे पडलं होतं आणि समोर सह्याद्रीची भिंत उभी राहत होती. मोरोशीचा भैरवगड डोकं वर काढून बसलेला.

घाट सुरू झाला आणि पुढचा अर्धा तास मी दुसरं काही बोललो नाही.

माळशेज अवघड घाट नाही. रस्ता बऱ्यापैकी रुंद, चढ एकसारखा, वळणं बहुतेक दिसणारी. पावसाळ्यात दरडी आणि धुकं असतं तेव्हा त्याचं रूप वेगळं. ऑक्टोबरमध्ये धबधब्यांच्या धारा बारीक झालेल्या, कातळाच्या कडेला पिवळी सोनकी, आणि वर चढणारे ट्रक रिकामे. भरलेले सगळे उतरणारे, जुन्नर-ओतूरकडचा कांदा-टोमॅटो कल्याण-वाशीच्या बाजारात नेणारे. म्हणून चढताना आपली बाजू त्या मानाने मोकळी मिळते.

तिसरा गिअर टाकला आणि घाटभर फारसा बदलावाच लागला नाही. वळणात शिरताना पाय काढायचा, स्टिअरिंग वळवायचं, मध्यावर आल्यावर हळूच पाय द्यायचा. गाडी जिथे बघाल तिथे जाते. वळणावर अंग बाहेर झुकतं ना, तो बॉडी रोल या गाडीत फार कमी. कंपनीने तिचं सस्पेन्शन, म्हणजे चाकांवरची स्प्रिंग आणि शॉकअप, साध्या आय-ट्वेंटीपेक्षा कडक केलंय, स्टिअरिंगही जड केलंय. चाळीस-पन्नासच्या वेगातच हे सगळं कळतं, त्यासाठी गाडी उडवावी लागत नाही. आणि माझ्या मते स्पोर्टी हॅचबॅकचं मर्म इथे आहे. मोठी ताकदवान गाडी मजा द्यायला लागते शंभरच्या पुढे, आणि आपल्या रस्त्यांवर तिथे पोचणं धोक्याचंही आणि दंडाचंही. अटल सेतूवरसुद्धा मर्यादा शंभरचीच. छोट्या हलक्या गाडीला चाळीसच्या वेगात गंमत येते.

ही कल्पना जुनीच आहे. १९७६ साली फोक्सवॅगनने गोल्फ जीटीआय बाजारात आणली तेव्हा तिला १.६ लिटरचं इंजिन होतं आणि ११० पीएस, म्हणजे कागदावर आज मी चालवत होतो त्यापेक्षा दहाने कमी. पण वजन आठशे किलोंच्या आसपास. रोज ऑफिसला, बाजाराला नेता येईल अशी साधी गाडी, आणि रविवारी डोंगरात तीच पळेल, एवढाच बेत. एन लाइनची पन्नास वर्षांनंतरची अडचण अशी की आता सहा एअरबॅग, मजबूत सांगाडा, सनरूफ, सगळं आल्यामुळे ती त्या गोल्फइतकी हलकी असूच शकत नाही. सहा एअरबॅगबद्दल माझी तक्रार नाही. सनरूफबद्दल आहे. डोक्यावर काचेचं वजन ठेवून स्पोर्टी कसली?

बोगदा पार करून वर आलो. एमटीडीसीच्या (पर्यटन महामंडळाच्या) खोल्या आधीच घेतल्या होत्या. उतरल्यावर आईने कंबरेला हात लावला आणि म्हणाली, "छान आहे हो गाडी. पण आपली जुनी बरी."

रविवार : माळशेज, मोरोशी, कल्याण-शीळ, घर

पहाटे खुबी फाट्यापर्यंत जाऊन आलो. पिंपळगाव जोगाचं पाणी अजून काठोकाठ, पलीकडे हरिश्चंद्रगडाची रांग धुक्यातून निम्मी दिसणारी. जलाशयाच्या कडेचा रस्ता छान आहे आणि तिथे एक गोष्ट लक्षात आली जी काल आवाजात दडून गेली होती: टायरचा आवाज. खरखरीत डांबरावर तो आत चांगलाच येतो. काच लावली तरी. गाणी मोठ्याने लावली की येत नाही, हेही खरं.

नाश्त्यानंतर बायको म्हणाली, "उतरताना मी."

मी मागे बसलो, आईशेजारी. आणि इथून पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण मी पाहिलेल्या एकाही व्हिडिओत परीक्षक मागच्या सीटवर बसून घाट उतरत नाही.

पहिली गोष्ट, मागे जागा भरपूर आहे. पुढच्या आणि मागच्या चाकांत २५८० मिलिमीटर अंतर (व्हीलबेस), गुडघे पुढच्या सीटला लागत नाहीत. पण सगळं काळं आणि खिडकीची कड मागे वर चढत जाणारी, त्यामुळे बसल्याबसल्या बाहेरचं निम्मंच दिसतं. माळशेजला येऊन आईला दरी दिसली नव्हती, काल ती गप्प होती त्याचं एक कारण हे. दुसरं कारण पहिल्या खराब पट्ट्यावर कळलं. पुढे बसलं की पाय टेकलेले असतात, हातात स्टिअरिंग असतं, खड्डा येताना दिसतो, अंग आपोआप तयार होतं. मागे यातलं काही नसतं. धक्का थेट कमरेत.

टायर १९५/५५ आर १६. म्हणजे रिम आणि रस्ता यांच्यामध्ये रबराची उंची जेमतेम पावणेअकरा सेंटीमीटर. साध्या आय-ट्वेंटीच्या खालच्या व्हेरियंटला १८५/६५ आर १५ येतात, तिथे हीच उंची बारा. सव्वा सेंटीमीटरचा फरक ऐकायला काही नाही. पण त्यात कडक सस्पेन्शन मिळवा आणि चौसष्ट वर्षांची कंबर मिळवा. काल वळणात अंग झुकत नव्हतं म्हणून मी ज्याचं कौतुक करत होतो, तेच स्प्रिंग आणि तेच शॉकअप आज मला खालून मारत होते. एकाच स्क्रूची दोन टोकं. तो सैल केला तर आई सुखावते आणि घाटातली मजा जाते. घट्ट ठेवला तर उलटं. वरच्या किमतीच्या काही गाड्यांत हे बटणाने कमीजास्त करता येतं, गोल्फसारख्या गाडीला परदेशात तसा पर्याय मिळतो. या किमतीत कंपनीला एक बाजू निवडावीच लागते, आणि एन लाइनने चालवणाऱ्याची निवडली आहे.

पुढे मात्र वेगळाच कार्यक्रम चालू होता. बायको आमची जुनी गाडी फक्त स्टेशन आणि भाजी मार्केटपुरती चालवते, कारण तिला ती "ओढावी लागते". इथे पाचव्या वळणानंतर तिचे खांदे खाली आले. समोर कांद्याने भरलेला ट्रक सरपटत होता. तिने दुसरा टाकला, मागे अंतर ठेवून शांतपणे चालली, ब्रेकवर पाय ठेवून बसली नाही. चारही चाकांना डिस्क ब्रेक आहेत या गाडीला, आपल्याकडच्या हॅचबॅकमध्ये सहसा मागे ड्रमच असतात. उतारावर त्याचा दिलासा वाटतो, पण खरं काम इंजिन ब्रेकिंगचं, म्हणजे खालच्या गिअरने वेग धरून ठेवायचं, आणि ते तिला कोणी न सांगता जमलं. "क्लच थोडा वर पकडतो," ती म्हणाली, "एकदा कळलं की झालं." बाबा तिच्याकडे कौतुकाने बघत होते. माझ्या ड्रायव्हिंगला असं कौतुक कधी मिळालं नाही.

मोरोशीला खाली उतरून वडा खाल्ला. आईसाठी चटईची घडी करून सीटवर ठेवली, ती चटई अखेर उपयोगी पडली. तेवढ्याने बराच फरक पडला. लोक या गाडीला महागडी सीट कव्हर लावतात ते उगाच नाही.

कल्याणला पोचलो तर दुर्गाडीकडे गर्दी, म्हणून पत्री पुलावरून शीळ रोड धरला. तिथेही मेट्रोचं काम, त्यामुळे वेळ काही वाचला नाही. पण डोंबिवलीजवळ प्रीमियरच्या जागेवरून जाताना बाबा एकदम बोलायला लागले. "इथं प्युजो बनायची." खरंच बनायची. प्रीमियर आणि फ्रान्सची प्युजो यांची भागीदारी होऊन ३०९ नावाची हॅचबॅक १९९४मध्ये आली होती, याच पट्ट्यातल्या कारखान्यातून. काही वर्षांतच ते सगळं बंद पडलं. ती ३०९ ज्या घराण्यातली, त्याच घराण्यात २०५ जीटीआय, १९८४ची, आजही जाणकार जिचं नाव सगळ्यात चांगल्या छोट्या स्पोर्टी गाड्यांत घेतात. म्हणजे अशा स्पोर्टी हॅचबॅकची चुलत बहीण डोंबिवलीत जन्मली होती, आणि आपण तिला सुटे भाग मिळत नाहीत म्हणून सोडून दिलं. बाबांच्या एका सहकाऱ्याकडे होती. "सोफ्यावर बसल्यासारखी चालायची," बाबा म्हणाले. आई मागून म्हणाली, "मग तशी बघा ना एखादी."

मुंब्रा बायपासला ट्रकांच्या रांगेत उभे असताना मी मागच्या सीटवरून पुढे बघत होतो. बायको एका हाताने गिअरची मूठ धरून बसली होती.

सोमवार : घोडबंदर, ऐरोली, पुन्हा नेरूळ

खरी परीक्षा आज. वाघबीळहून माजिवडा, सकाळी पावणेनऊ.

घोडबंदर रोड ज्याला माहीत आहे त्याला सांगायला नको. सर्व्हिस रोडवर पेव्हर ब्लॉकने बुजवलेले खड्डे, मेट्रोचे खांब, त्यांच्या बाजूने अचानक संपणारी लेन, आणि जेएनपीटीकडचे कंटेनर. इथे एन लाइनचे १२० पीएस म्हणजे घरात बांधलेला शिकारी कुत्रा. क्लच जड नाही, पण पहिला-दुसरा, पहिला-दुसरा करून डावा पाय दुखतोच. २०२१मध्ये ही गाडी पहिल्यांदा आली तेव्हा क्लच पेडल नसलेला आयएमटी गिअरबॉक्स मिळायचा, २०२३च्या बदलात तो काढून साधा मॅन्युअल दिला. घाटासाठी उत्तम, घोडबंदरसाठी नाही. सात गिअरची डीसीटी ऑटोमॅटिक आहे, तिच्यासाठी जास्त पैसे मोजावे लागतात. रोज ऐरोलीला जाणाऱ्याने तीच बघावी, मला वाटतं. पण मग परवाचा तो तिसरा गिअर हाताने टाकायचा आनंद गेला.

मायलेज : मुरबाड रोड आणि घाट धरून लिटरला चौदाच्या आसपास, आज सकाळी दहाच्याही खाली. टर्बोला जेवढं पाजाल तेवढं तो पितो. टाकी ३७ लिटरची, म्हणजे रोजच्या वापरात पेट्रोल पंपाची वारी ठरलेली.

ऐरोलीच्या ऑफिसच्या पार्किंगमध्ये दोघा पोरांनी थांबून विचारलं, "सर, घेतली?" आमच्या जुन्या पोलोकडे कधी कोणी असं बघितलं नाही. तीही चाकणला बनलेली चांगली गाडी, २०२२मध्ये बनायची बंद झाली तेव्हा बऱ्याच जणांना हळहळ वाटली होती. तिचं सस्पेन्शनही कडकच, पण इतक्या वर्षांत शॉकअप सैल झालेत म्हणून आईला ती बरी वाटते, असा माझा संशय आहे.

संध्याकाळी टाकी फुल करून गाडी नेरूळला लावली, चावी मावशीकडे दिली आणि ट्रान्स-हार्बर लोकलने निघालो. ट्रेनमध्ये बायकोचा फोन.

"काय ठरलं?"

"आईबाबा असले की ही गाडी नको. आपण दोघंच असलो की हीच हवी."

"मग पोलो विकू नकोस. आईंना डॉक्टरकडे न्यायला ती. ही मी चालवीन."

"अगं, सोसायटीत एकच पार्किंग आहे आपल्याला."

"दुसऱ्यासाठी अर्ज दिलाय मघाशी," ती म्हणाली. "सेक्रेटरी म्हणाले, वेटिंग लिस्ट आहे. पण तळमजल्यावरच्या आजोबांची जागा रिकामीच असते, त्यांना विचारून ठेवलंय. येताना त्यांच्यासाठी पाव किलो पेढे घेऊन ये."